कपाटातला पासपोर्ट

गोव्यात कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढला की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग, निघालास कधी?' त्यामुळे लोकांनी जाऊ नये म्हणून एखादं सरकार पासपोर्ट वाटतं, असं सांगितलं तर आपल्याकडे हसतील. पण ब्रिटनच्या ताब्यातल्या हाँगकाँगमध्ये हे खरंच झालं.

जून 1989. बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडणारे रणगाडे हाँगकाँगने टीव्हीवर पाहिले, आणि 1997 ला आपण याच चीनकडे जाणार हे पोटात गोळा आणणारं होतं. 1990 या एकाच वर्षात 60 हजारांच्या वर माणसं बाहेर पडली. त्यात डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले भरपूर.

खरं तर यातल्या पुष्कळांना जायचं नव्हतंच. नोकरी-धंदा, म्हातारे आईवडील, सगळं इथेच. पण कॅनडाचं नागरिकत्व हवं तर तिथे वर्षानुवर्षं राहायला हवं. मग बायको-मुलं व्हँकुव्हरला आणि नवरा सदा विमानात. अशा नवऱ्याला लोक 'अंतराळवीर' म्हणत. (चिनी शब्दात श्लेष आहे: बायकोविना रिकामा माणूस!)

ब्रिटनने 1990 च्या कायद्याने नेमकी हीच गाठ सोडवली. 50 हजार कुटुंबप्रमुखांना बायकोमुलांसकट पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व, तेही हाँगकाँग न सोडता. दार उघडंच राहणार म्हटल्यावर आजच पळायची घाई कशाला? लोंढा काही लगेच आटला नाही, 1992 ला तर तो 1990 पेक्षाही मोठा होता. तरी मला हा विचार पटतो.

निवड मात्र अजिबात पटत नाही. शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांना गुण. तिशीतल्याला झुकतं माप. वस्ती होती 57 लाखांच्या आसपास. ट्राम चालवणाऱ्याला, मासळी विकणारीला भीती नव्हती का? होती. पण ती कुठे जाऊ शकत नव्हती, मग तिला थांबवायला कोण कशाला काही देईल? आणि एवढ्यावरही ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे खासदार नॉर्मन टेबिट आणि त्यांचे साथी बिथरलेच. चीनने तर हे नागरिकत्व मानायलाच नकार दिला.

आता गोवा. 19 डिसेंबर 1961 च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं दार उघडं आहे. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तो पासपोर्ट घेतला की भारताचा परत करा आणि स्वतःच्या गावात परदेशी व्हा. म्हणजे कपाटात ठेवून निवांत झोपायची सोयच नाही. शिवाय इथून माणूस पगारासाठी जातो, भीतीने नाही.

1990 ला वगळलेल्यांची आठवण ब्रिटनला 2021 मध्ये झाली. ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नसलेला बीएनओ (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज) पासपोर्ट ज्यांच्या हातात होता, त्यांच्यासाठी खास व्हिसा निघाला. या वेळी अट उलटी: नागरिकत्व हवं तर आधी हाँगकाँग सोडा.