शेंगेन व्हिसा आणि अण्णांचा सातबारा

आमच्या लेकीचं बारसं व्हायच्या आधी तिला इन्कम टॅक्सचा नंबर मिळाला. जर्मनीत जन्माची नोंद झाली की कर खात्याकडून बाळाच्या नावाने पत्र येतं, त्यात अकरा आकडी क्रमांक असतो आणि तो जन्मभर बदलत नाही. पाकिटावर तिचंच नाव होतं, 'द्वारा आईवडील' सुद्धा नाही. तेव्हा तिचा सगळा व्यवहार म्हणजे दूध पिणं आणि त्यातलं थोडं नवऱ्याच्या खांद्यावर परत करणं. नवरा म्हणाला, "हा बघ, रिफंड सुरू झाला."

खरी गंमत त्याआधी, नावाच्या वेळी झाली. इथल्या कायद्याने जन्माची नोंद आठवड्याच्या आत करायची आणि नाव अगदीच ठरत नसेल तर महिन्याच्या आत कळवायचं. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या पुण्यात, तिच्या ऑफिसात मार्चएन्ड, आणि पत्रिकेत अक्षर निघालेलं 'भ'. शेवटी व्हॉट्सअॅपवर मतदान घेऊन नाव ठरलं आणि फॉर्म भरून नवरा नोंदणी कार्यालयात गेला. फॉर्ममध्ये आपण शाळेपासून लिहितो तसं त्याने लिहिलं: मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

खिडकीमागच्या बाईंनी मधल्या नावावर पेन ठेवलं. "हे मुलीचं दुसरं नाव?"

"नाही, ते माझं आहे."

"हे पुरुषाचं नाव आहे ना?"

"हो, मी पुरुष आहे."

"मग ते तुमच्याकडेच राहू द्या," बाई म्हणाल्या आणि विषय संपला. जन्मदाखल्यावर आमची मुलगी बापाच्या नावाशिवाय उभी राहिली. हे कळल्यावर साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला, "अगं, लोक काय म्हणतील?" लोकांनी काही म्हणायला आधी दाखला जर्मनमधून वाचता यायला हवा, ही त्यातल्या त्यात सोय.

माझं प्रकरण जास्त नाजूक निघालं. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर मधे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. लग्नानंतर आडनाव बदलतं हे जर्मन बाईंना ठाऊक होतं, त्यांच्याकडेही बदलायची रीत आहेच. अडलं मधल्या नावाशी. "आधी एक पुरुष होता, आता दुसरा आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पहिले वडील आहेत, दुसरा नवरा." बाईंनी ते टिपून घेतलं. कुठल्या रकान्यात, ते कळलं नाही. मग त्या म्हणाल्या की तुमच्या लग्नाचा दाखला पडताळून आणावा लागेल.

परदेशी कागदाला अपॉस्टिल नावाचा शिक्का लागतो आणि तो मारला की काम होतं, असं आम्हाला सगळ्या जाणकारांनी सांगितलं होतं. हे जाणकार अमेरिकेत राहणारे. ज्या हेग करारामुळे तो शिक्का चालतो तो १९६१ चा. भारत त्यात २००५ साली आला आणि जर्मनीने त्याला हरकत घेतली. त्यामुळे सगळं जग फिरून येईल असा तो शिक्का नेमका आमच्या दारात अडला. इथून तासाभरावरचं श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, दोघींचे महापौर एकमेकांना शाली घालतात. पण एका बहिणीचा दाखला दुसरी वाचून बघायला तयार नाही. तेव्हा पैसे भरायचे, कागद जर्मन वकिलातीकडे जाणार, ते भारतातल्या एका वकिलाला नेमणार, आणि तो प्रत्यक्ष चौकशी करून अहवाल देणार.

आमची कल्पना अशी की वकील तालुक्याला जाऊन रजिस्टर बघेल. तो थेट गावात आला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, नेमके पाणी पाजायला रानात गेलेले. वकिलाने शेजारच्या काकूंना गाठलं आणि विचारलं, यांच्या मुलाचं लग्न झालंय का, कधी, कुणाशी. काकूंनी लग्न झाल्याचं मान्य केलं, तिथी सांगितली, माझं वर्णन केलं ("उंचीला बरी आहे") आणि जेवणाला जिलबी कमी पडली होती, हेही अहवालात यावं असा आग्रह धरला. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की जर्मनीत पोराचं काहीतरी बिनसलंय आणि सुनेने वकील लावलाय. अण्णांनी पारावर बसून तीनदा खुलासा केला. खुलाशाने संशय वाढतो हे शिक्षकाच्या नोकरीत उभा जन्म काढूनही त्यांना सुचलं नाही.

अहवाल येईपर्यंत आम्ही लेकीच्या पासपोर्टला लागलो. इथे जन्मली म्हणून ती आपोआप जर्मन होत नाही; आईवडिलांपैकी एकाचं पाच वर्षांचं वास्तव्य आणि कायमचा परवाना लागतो, आणि आमचं त्यातलं दोन्ही अजून शिजतंय. म्हणजे ती भारतीय. पण तीही आपोआप नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करायची आणि या अर्भकाकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यायचं. आम्ही दोघांनी गंभीर चेहऱ्याने सही करून दिलं.

अर्जावर अर्जदाराची सही हवी. अर्जदार पाच आठवड्यांची. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठा चौकटीच्या आत, रेघेला न लागता. तान्ह्या बाळाची मूठ उघडून बघा कधी. एक बोट सोडवावं तर बाकीची चार आत जातात. मी तिचं मनगट धरलेलं, नवऱ्याच्या हातात शाईचं पॅड, आणि फॉर्म जमिनीवर डिंकाच्या डब्याखाली दाबलेला. पहिला ठसा चौकटीवर पडला, दुसरा माझ्या गाऊनवर. तिसरा बरोबर चौकटीत उमटला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने ती दचकली आणि शाईसकट अंगठा तोंडात घातला. दोन दिवस तिची जीभ निळसर होती. नर्सबाई वजन करायला आल्या तेव्हा मी 'पासपोर्ट' एवढंच म्हटलं. त्यांनी काहीही न विचारता मान हलवली. बाईंचे यजमान तुर्की आहेत.

फोटोचं सांगत बसत नाही. डोळे उघडे, तोंड बंद, मागे पांढरं, धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. ज्याने हे नियम केले त्याला मूल नसावं, किंवा असलंच तर सांभाळायला दुसरं कुणीतरी असावं.

एवढं सगळं चाललं होतं ते बारशासाठी. अण्णा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्याशिवाय बारसं नाही, असं ठरलेलं. अण्णांना यायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. त्यांना आयुष्यात कधीच कुठे जायचं नसतं. पुण्याला लेकीकडे गेले तर दुसऱ्या दिवशी स्वारगेटला एसटीच्या चौकशीला उभे. पण नातीसाठी तयार झाले.

पाहुण्याला बोलवायचं तर यजमानाने इथल्या कार्यालयात जाऊन हमीपत्र करायचं. त्याचं जर्मन नाव उच्चारायला गेलं की शेजारचे दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारतात. फी २९ युरो. पगाराच्या पावत्या, घराचा करार, सगळं दाखवून नवऱ्याने लिहून दिलं की पाहुण्यांचं राहणं, खाणं, आजारपण आणि वेळ पडलीच तर त्यांना देशाबाहेर पाठवण्याचा खर्चसुद्धा मी करीन. बापाला हाकलायचे पैसे मुलगा भरणार, असं त्यावर शिक्क्यानिशी आहे. मला वाटलं अण्णा दुखावतील. त्यांनी व्हिडिओ कॉलवर भाषांतर शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हातारपणी खर्च करीन असं पोरगं सरकारी कागदावर लिहून देतंय? आपल्याकडं तोंडानं म्हणत नाहीत. एक झेरॉक्स मला पाठव." ती आता त्यांच्या ट्रंकेत पेन्शनच्या कागदांवर ठेवलेली आहे.

शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, फॉर्ममध्ये दुसराच रकाना आहे: जन्माच्या वेळचं आडनाव. आईंचं आडनाव तर बदललंच, पण लग्नात अण्णांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून त्यांचं पहिलं नावही बदललं होतं. जन्माच्या वेळचं पहिलं नाव विचारणारा रकानाच नाही. आईंची शाळेची नोंद एका बाईची आणि आधार, रेशन कार्ड, पासपोर्ट दुसऱ्या बाईचे. दोघी एकच आहेत याला पुरावा काय? गॅझेट केलेलं नाही. अण्णा म्हणाले, "मी लिहिलं ना, मी साक्षीदार." तांदळाचं काय झालं विचारलं, तर पुरोहित घेऊन गेला. शेवटी प्रतिज्ञापत्र करून निभावलं.

नव्वद युरो माणशी फी, तीस हजार युरोंचा विमा, हे पैशाने सुटणारे प्रश्न. न सुटणारा प्रश्न शेवटी आला. अर्जदार मुदत संपल्यावर मायदेशी परत जाईल याची खात्री पटवा. जमीनजुमला, उत्पन्न, कौटुंबिक बंध, जे असेल ते दाखवा.

ज्या माणसाला मुळात घरातून बाहेर काढायला आम्ही चार महिने विनवण्या केल्या, तो परत जाईल हे आता आम्ही सिद्ध करायचं!

अण्णांनी सातबारा काढला. एकोणीस गुंठे, आणि भोगवटादारांच्या रकान्यात चुलत, सख्खे, दत्तक गेलेले आणि दोन वारलेले असे मिळून चौदा जण. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. साताऱ्याच्या एका भाषांतरकाराने त्याचं इंग्रजी केलं. 'पोटखराब' म्हणजे जमिनीचा न पिकणारा भाग; त्याचं त्याने जे केलं ते वाचून कुणालाही वाटावं की अण्णांना पचनाचा जुना विकार आहे. आम्ही ते दुरुस्त करून घेतलं, नाहीतर विम्याचा हप्ता वाढला असता. 'सामाईक विहीर, बारी दर आठ दिवसांनी' हे मात्र त्याने झकास उतरवलं होतं. ते वाचून मला पहिल्यांदा आशा वाटली. ज्याची विहिरीवर पाण्याची बारी असते तो युरोपात लपून राहत नाही, हे कुठल्याही देशाच्या अधिकाऱ्याला कळावं.

सोबतचं पत्र अण्णांनी स्वतः लिहिलं, मुख्याध्यापकाच्या इंग्रजीत. नवऱ्याने ते मला वाचून दाखवलं. त्याचा सारांश असा: मी सेवानिवृत्त शिक्षक असून माझा ऊस कारखान्यास नोंदवला आहे. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी वेळेत न परतल्यास माझे सरकार मला मृत समजून पेन्शन थांबवेल. तसेच आमची म्हैस मजशिवाय अन्य कुणास धार काढू देत नाही. करिता आपण मला थांबवून घेण्याची काळजी करू नये.

"म्हैस काढू या," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, "बाकी काहीही काढ, म्हैस राहू दे." व्हिसा कशामुळे मिळाला ते वकिलातीने कळवलं नाही, पण माझं मत ठाम आहे.

ते आले तेव्हा लेक सात महिन्यांची झाली होती. पाळण्यात निजवून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायचं तर ती उठून बसली आणि स्वतःच पाळण्याबाहेर निघाली. आत्याने पुण्याहून फोनवर तिच्या कानात नाव सांगितलं, सात महिने सगळे ज्या नावाने हाक मारत होते तेच. आईंनी मात्र तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा एकदा सांगितलं, मधे बापाचं नाव घालून, पूर्ण.

पण त्याआधी विमानतळावरचं. आम्ही बाहेर तासभर ताटकळत होतो, पोटात गोळा. इंग्रजीत काय विचारतील, कसं होईल. दोघं ट्रॉली ढकलत हसतमुख बाहेर आले. गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "पासपोर्टवाल्याने काय विचारलं?"

"परत कधी जाणार म्हणाला."

"मग?"

"मी तिकीट दाखवलं. म्हटलं, साहेब, पोरानं ऐंशी दिवसांचं काढलंय, ऊस तोडणीला आलाय. आपल्या अधिकारात थोडे कमी होतील का बघा."

"काय म्हणाला?"

"हसला आणि शिक्का मारला," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कमी काही केले नाहीत."