‘कलम 30-अ’ राज्यघटनेत नाहीच

नेहरूंनी पटेलांचा विरोध डावलून राज्यघटनेत ‘कलम 30-अ’ घातलं, म्हणून मदरशात कुराण चालतं पण शाळेत गीता शिकवायला बंदी आहे, तेव्हा कलम 30 रद्द करा, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. परवा तो आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला. आयुष्यभर वर्गात मुलांकडून पसायदान म्हणून घेतलेल्या बाईलाही हे खरं वाटावं, याचा संताप येतो.

कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. 30-अ असं कलमच नाही. आहे ते 30(1अ), आणि ते 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने, जनता सरकारच्या काळात आलं. नेहरू 1964 मध्येच गेले होते. त्यात धर्मग्रंथाचा शब्दही नाही. अल्पसंख्याक संस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने घेतली तर मोबदला कसा ठरवायचा, एवढंच आहे. आणि संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीचे अध्यक्ष खुद्द पटेल होते.

शाळेतल्या धर्मशिक्षणाचं कलम 28 वं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, कुठल्याच धर्माचं. याच कलमाच्या आधारे 2022 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने आसामातल्या सरकारी मदरशांच्या साध्या शाळा करणारा कायदा उचलून धरला. खासगी शाळेत गीता शिकवता येते, फक्त संमतीशिवाय सक्ती करता येत नाही. आणि पसायदान म्हणजे तरी काय? गीतेवरच्या ज्ञानेश्वरीचाच शेवट!

एक गोष्ट मान्य करावी लागेल. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव प्रवेशांतून अल्पसंख्याक शाळांना सूट आहे आणि इतर खासगी शाळांना नाही. त्यावर जरूर भांडा. पण तो विषय गीतेचा नाही.

सगळ्यात घातक आहे ती शेवटची मागणी. कलम 30 धार्मिक अल्पसंख्याकांइतकंच भाषिक अल्पसंख्याकांचंही आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरतं. 1971 मध्ये पंजाबातल्या डीएव्ही महाविद्यालयांना, म्हणजे आर्य समाजाच्या हिंदू संस्थांना, सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचं संरक्षण दिलं. बेळगावात मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक आहे. तिथे आपली शाळा काढायचा आणि चालवायचा त्याचा हक्क याच कलमात आहे, आणि तेच रद्द करा म्हणून आपण मराठीतून मेसेज पाठवतोय.