हाक मारता आली पाहिजे

आज सकाळीच डोकं फिरलं माझं. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये खालच्या मजल्यावर कुत्र्याचं नवीन पिल्लू आलंय. गावठी. रिंग रोडच्या कडेला कुडकुडत बसलेलं सापडलं, एक कान उभा, एक पडलेला. त्यांनी घरी आणलं, डॉक्टरांकडे नेलं, जंताचं औषध दिलं, लसीची तारीख घेतली. त्याबद्दल त्या कुटुंबाला मनापासून नमस्कार. पण नाव काय ठेवलं? झेफायर!

कामाच्या मावशी जिना पुसत होत्या. पिल्लू बादलीत तोंड घालायला गेलं तर त्या म्हणाल्या, "ए झिपऱ्या, सरक बाप्पा तिकडं." आणि ते सरकलं ना! शेपूट हलवत सरकलं. तेवढ्यात घरातली पोरगी बाहेर आली. "मावशी, झिपऱ्या नाही, झे-फा-यर. म्हणा बरं." मावशींनी म्हणून पाहिलं. जिन्यातले सगळे हसले. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा हसले. मग मावशी काही बोलल्याच नाहीत. पोछा पिळला आणि वरच्या मजल्यावर निघून गेल्या.

एवढ्याशा गोष्टीवर काय लिहून राहिली ही, असं वाटत असेल. लिहून राहिली, कारण नवरा-बायको दोघं नोकरीवर, पोरगी ट्यूशनला. दुपारी त्या पिल्लाला पाणी कोण ठेवणार? मावशी. फाटकातून बाहेर पळालं तर मागे कोण धावणार? वॉचमन काका. ज्यांना दिवसभर हाक मारायची आहे त्यांच्याच जिभेवर बसत नाही, असं नाव मग कोणासाठी? इन्स्टाग्रामसाठी, आणखी कोणासाठी!

नागपूरच्या महाल भागात आमच्याकडे भुऱ्या होता. नाव कोणी ठेवलं ते घरात कोणालाच सांगता यायचं नाही, बारसं वगैरे काही नाही. आजी ओट्यावरून "भुऱ्याऽऽ" म्हणून ओरडायची आणि तो कुठूनही यायचा. दूधवाला त्याला भुऱ्या म्हणायचा, पेपरवाला म्हणायचा, समोरच्या घरातलं नुकतं बोलायला लागलेलं पोट्टंही म्हणायचं. कुत्र्याचं नाव दोन अक्षरी हवं, शेवटचा स्वर लांबवता आला पाहिजे, हे सगळे ट्रेनर आज पैसे घेऊन सांगतात. आजीने फुकटात केलं होतं. आणि हो, घरात इंग्रजीत हुकूम सोडत असाल तर "नोवा" ठेवू नका. बिचाऱ्याला कळणारच नाही की बोलावून राहिले की "नो" म्हणून दटावून राहिले.

मान्य आहे, टॉमी आणि टायगर तरी कुठे आपल्या मातीतले. पण ते आजीलाही जमायचे. माझं भांडण इंग्रजीशी नाहीच, जिभेवर न बसणाऱ्या नावाशी आहे.

आता ती लायकाच घ्या. मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली कुत्री, 3 नोव्हेंबर 1957 ला स्पुटनिक 2 मध्ये बसवून अंतराळात पाठवली. तिचं आधीचं एक नाव होतं, कुद्र्यावका. किती जणांना माहीत आहे? लायका मात्र जगभर झाली. (परत आणायची सोयच केली नव्हती तिची. तो संताप वेगळा, त्यावर पुन्हा कधी.)

तर भुऱ्या. एका वर्षी मारबतीच्या दिवशी तो हरवला. बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, 1880 च्या दशकापासूनची परंपरा आहे. ढोल, बडगे (तेही पुतळेच), "घेऊन जा गे मारबत", माणसाला माणूस दिसत नाही. त्या आवाजाला घाबरून भुऱ्याने दोरी तोडली. आम्ही पोट्टे रडत बडकस चौकापर्यंत गेलो. मी तर घसा बसेपर्यंत ओरडले. सापडला कोणाला? पानठेलेवाल्याला! त्याने त्या गोंधळात एका हातगाडीखाली फक्त शेपटी पाहिली आणि दमात ओरडला, "अबे भुऱ्या!" आला ना निघून. आता विचार करा, त्या जागी झेफायर असता तर त्या माणसाने काय ओरडायचं होतं?

आणखी एक राग आहे, तोही काढून टाकते. काही लोक चिडवायला म्हणून ज्याच्याशी वैर आहे त्याचं नाव कुत्र्याला देतात. शेजाऱ्याचं, साहेबाचं, दुसऱ्या धर्मातल्या माणसाचं. आणि पाहुण्यांना डोळा मारून सांगतात. घाण वाटते मला. खंडोबाच्या पायाशी कुत्रा, दत्ताच्या चित्रात चार कुत्रे, त्यांना हात जोडायचे आणि घरी कुत्रा शिवी द्यायला वापरायचा? अशा लोकांनी कुत्रा पाळूच नये. गमला पाळावा.

जाऊ दे. त्यांचा कुत्रा, त्यांची हौस. कुत्र्याला काय, पोळी दाखवली की तो कोणत्याही नावाला येतो, हेही खरंच. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याला महाभारतात नावच नाही, त्याचं काही अडलं नाही.

पण बाबांचा एक नियम होता, तो मला फार आवडायचा. भुऱ्याला रागवायचं असेल तर नाव घ्यायचं नाही. "अबे", "चल हट", काय वाट्टेल ते म्हणा, पण भुऱ्या म्हटलं की त्याला काहीतरी चांगलंच मिळालं पाहिजे. भाकरीचा तुकडा नाहीतर कानामागे खाजवणं. म्हातारपणी त्याला दिसायचं कमी झालं, तरी बाबा ऑफिसातून येऊन फाटकाशी हळूच "भुऱ्या" म्हणायचे आणि तो भिंतीला घासत घासत बरोबर त्यांच्या चपलांपर्यंत पोहोचायचा. लिहिताना घसा दाटला, माफ करा.

माझ्या भाचीकडेही पुढच्या आठवड्यात पिल्लू येतंय. तिने दुपारीच नावांची यादी पाठवली, कोणतं ठेवू म्हणून. ॲटलस, ओरायन, काय काय. मी लिहिलं, बाई, रात्री दहा वाजता बाल्कनीत उभी राहा आणि प्रत्येक नाव जोरात ओरडून बघ. ज्या नावाला लाज वाटणार नाही ते ठेव. निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून नाही.