शेणच बघायचं होतं तर...

बॅजर या बिळात राहणाऱ्या रानप्राण्याला वाचवायला म्हणून नाव नोंदवलं तेव्हा डोळ्यांसमोर जंगल, गळ्यात दुर्बीण आणि रुबाबात उभा मी, असं चित्र होतं. पहिल्याच रविवारी हातात वही आली आणि समोर आला खड्डा. बॅजर आपल्या हद्दीवर छोटे छोटे खड्डे खणतो, त्यांत विधी उरकतो आणि वर माती न ओढता चालू लागतो. कुठल्या खड्ड्यात ताजं आहे, हे लिहून आणायचं. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या त्या चिखलात ओणवा होताना मला माझ्या दोन्ही पदव्या आठवल्या.

कराडला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "शेणच बघायचं होतं तर आपला गोठा काय वाईट होता?"

मग बिळं. तोंडाशी दोन काटक्या हलकेच उभ्या करायच्या. सकाळी पडलेल्या दिसल्या की आत कुणीतरी राहतंय. लाडवांच्या डब्यावर आई दोरा टाकून ठेवायची, तीच विद्या. याहून जास्त धक्का मात्र बिळाला लावायचा नाही. १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्याखाली, बिळातल्या बॅजरला नुसता त्रास दिला तरी ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. (रविवारी दुपारी माझी झोपमोड करणाऱ्यांना हा कायदा लागू असता, तर आमचं अख्खं घर आत असतं.) शिवाय बिळांचा पत्ता कुणालाही सांगायचा नाही. बॅजरच्या अंगावर कुत्री सोडायचा खेळ १८३५ मध्येच बेकायदा ठरला, पण तो खेळणारे नालायक अजून आहेत. त्यामुळे "रात्री कुठे निघालास?" या बायकोच्या प्रश्नाला माझं उत्तर "सांगता येत नाही" असं होतं. पुढचं लिहीत नाही.

मे महिन्यात एकदा आमच्या गटप्रमुख, सत्तरीच्या एक आजी, आणि मी बिळासमोर दबा धरून बसलो. सव्वानऊला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं तोंड वर आलं. ओलं नाक हवेत हललं. एकदा डावीकडे, एकदा माझ्याकडे. गेलं आत. बॅजरला दिसतं बेताचंच. सगळा कारभार नाकावर. आजींनीही माझ्या स्वेटरपाशी नाक आणलं. आमटीला हिंगाची फोडणी त्या संध्याकाळी मीच दिली होती. तेव्हापासून पहाऱ्याचा वेगळा स्वेटर गॅरेजमध्ये टांगलेला असतो, सोवळ्यासारखा. पोरांनी शिवायचा नाही.

गाईंच्या क्षयाचं खापर इथे बॅजरवर फुटतं. तो रोग बॅजरकडूनही पसरतो, हे खरं. गाय गेली की घर कसं गप्प होतं ते मला ठाऊक आहे. पण २०१३ पासून इंग्लंडात परवाने देऊन २ लाखांहून जास्त बॅजर मारले, हे काही पटत नाही. दुसरा उपाय लशीचा. बॅजर पिंजऱ्यात यावा म्हणून आधी बरेच दिवस शेंगदाणे टाकून त्याला चटक लावतात. गटाचे दाणे संपले, तेव्हा मी घरचे नेले. चतुर्थीची खिचडी बिनकुटाची झाली. घरात त्या दिवशी माझ्याशी फक्त कुकर बोलला.

लस कुठली, तर बीसीजी! माझ्या दंडावर जिचा वण आहे, तीच. हे आईला सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प होती.

"टोचल्यावर रडतो का रे?"