तांबडाच नेहमी जिंकतो असं नाही

पिठातल्या दोन भाऊबंद भुंगेऱ्यांपैकी तांबडा बलवान, म्हणून शेवटी तोच उरतो, असं एका लेखात म्हटलंय. हे अर्धंच झालं. शिकागोत प्राणिशास्त्रज्ञ थॉमस पार्क यांनी तांबडा आणि त्याचा भाऊबंद कन्फ्युजम एकाच पिठात वर्षानुवर्षं ठेवून पाहिले. ३४ अंश आणि दमट हवेत तांबडा जिंकला, २४ अंश आणि कोरड्या हवेत कन्फ्युजम. मधल्या हवेत कधी हा, कधी तो! शिवाय त्यांच्या १९४८ च्या निबंधात ॲडेलिना हा परजीवी पिठात असला की बहुतेक वेळा तांबडाच हरलेला दिसतो. आणि ही मारामारी नुसती पिठासाठी नाही, ते एकमेकांची अंडी आणि कोषही फस्त करतात. पीठ चाळताना चाळणीत राहिलेला तांबूस किडा भिंगाखाली धरून बघा, मिशीची शेवटची तीन पेरं एकदम फुगीर असतील तर तो तांबडा.