दाजी, खालून घ्या!

गळ टाकून मासे धरायच्या छंदात दोन माणसं लागतात. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात जाळं. मासा मिळाला तर तो काठीवाल्याने पकडला आणि निसटला तर तो जाळंवाल्याने घालवला. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. आमच्यात काठी मेहुण्याकडे असते. माझ्याकडे काय असतं हे वेगळं सांगायला नको.

मेहुणा एरवी अतिशय विनयशील. वयाने लहान, मला मान देऊन बोलतो. पण दोरा ताणला गेला आणि काठी वाकली की त्याच्यात काहीतरी संचारतं. “दाजी, खालून घ्या! खालून! अहो, शेपटीकडून नाही! दाजी, झोपलात का?” अहो-जाहो न सोडता माणसाची किती अब्रू काढता येते, ते आमच्या काठावर उभं राहून ऐकावं.

त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर असतं. जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरायचं, काठीवाल्याने दमलेला मासा तोंडाच्या बाजूने त्यावर आणायचा आणि मग जाळ्याची गोल कडी वर घ्यायची. मागून पाठलाग केला आणि शेपटीला जाळं नुसतं शिवलं, तरी मेल्यासारखा आलेला मासा असा उसळतो की दोरा तुटतो. हे मला माहीत आहे, मेहुण्याला माहीत आहे. तोंडाच्या बाजूने यायचं असतं, हे फक्त माशाला कोणी सांगितलेलं नाही.

आमचं पहिलं जाळं नायलॉनचं, गाठी मारलेलं. अशी जाळी लोक का घेतात हे हातात धरलं की कळतं. वजनाला काही नाही, पाण्यातून सपकन फिरतात आणि स्वस्त मिळतात. त्रास सुरू होतो तो मासा आत आल्यावर. मेहुण्याला आमिषाला तीन तोंडांचा गळ लावायची हौस. त्यातलं एक तोंड माशाच्या जबड्यात, उरलेली दोन जाळ्याच्या दोन वेगवेगळ्या गाठींत. मासा उसळतो, उसळला की आणखी गुंडाळला जातो. मेहुणा पक्कड शोधतो. ती त्याच्याच खिशात असते, पण ज्या खिशावर तो बसलाय त्या. मी कडी धरून उभा. तेवढ्यात एक तोंड मोकळं होतं आणि माझ्या बाहीत शिरतं. आता मासा, जाळं आणि मी असे तिघे एकाच गळाला. त्यातला ज्याला श्वास घेता येत नाहीये, त्याचा विचार शेवटी होतो.

मासा सोडून दिल्यावर जाळ्यात काय उरतं, ते एकदा जवळून पाहावं. गाठीगाठीला चिकटलेले चांदीसारखे खवले, मधेच पराचा चिंधीएवढा तुकडा आणि सगळ्यावर बुळबुळीत चिकटा. नायलॉनचा धागा तो चिकटा पितो, ओला राहतो आणि परतताना गाडीच्या डिकीत असा काही घमघमतो की घरी शिरायच्या आत बायको बाहेर येते. “हे जाळं आत येणार असेल तर मी बाहेर राहते.” तिचा आवाज ऐकून मेहुणा गाडीतून उतरतच नाही. बहीण कोणाची आहे, हे अशा वेळी तो सोयीस्कर विसरतो.

त्या चिकट्याचं खरं दुःख मात्र माशाला. खवले उघडे नसतात. त्यांच्यावर पातळ कातडी असते आणि त्या कातडीवर हा थर. जंतू, बुरशी, परजीवी सगळ्यांना तो बाहेर थोपवतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा मीठ जास्त, त्यामुळे पाणी सारखं आत घुसायला बघतं. तिथेही कातडी आणि तिच्यावरचा थरच पहारा देतात. गाठीने तो खरवडला की काही दिवसांत त्या जागी बुरशीचे पांढरे पुंजके उगवू शकतात. डोळ्याला न दिसणारे असे ओरखडे संशोधकांनी फ्लुरोसीन लावून पाहिलेत. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरचा ओरखडा शोधायला वापरतात, तेच चमकणारं औषध.

मेहुण्याची छाती ज्या वाक्याने फुगते ते म्हणजे “आपण मासा मारत नाही, सोडून देतो.” त्याला मी 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचून दाखवला. ब्लूगिल नावाचे गोड्या पाण्यातले मासे गळाने धरले. काही जाळ्याशिवाय काढले आणि बाकीचे चार प्रकारच्या जाळ्यांत घेतले: रबराचं, बिनगाठीच्या नायलॉनचं, बारीक गाठींचं आणि जाड गाठींचं. मग आठवडाभर लक्ष ठेवलं. जाळ्याशिवाय काढलेल्यांतला एकही मेला नाही. जाळ्यांतल्यांपैकी, जाळ्याच्या प्रकारानुसार, 4 ते 14 टक्के गेले. पर आणि शेपट्या फाटण्यात गाठींची जाळी पुढे, रबराचं सर्वांत सौम्य. मेहुणा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे दोष जाळ्याचा.” आणि जाळ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

तर मग रबराचं आणलं. गळ त्यात रुतत नाही, धागा पाणी पीत नाही, वास येत नाही. बायकोने त्याला घरात जागा दिली, हा मी त्याचा सर्वांत मोठा गुण मानतो. पण वजन! पाण्यातून ते झटक्याने फिरवायचं म्हणजे भिजलेली गादी ओढण्यासारखं. भोकं बारीक असतील तर पाणी अडतं. मोठी घ्यावीत तर माशाचा पर आरपार जाऊन चिरतो. झोळी खोल असेल तर मासा आत दुमडून बसतो, म्हणून तळ सपाट हवा. शिवाय रबर झालं तरी आधी भिजवून घ्यायचंच. हे सगळं बघून घेतलेल्या जाळ्याने माझा खांदा धरला, त्याबद्दल कोणी अभ्यास केलेला नाही.

आणि फोटो राहिलाच. मेहुण्याला हसरा फोटो लागतो आणि त्याला हसू यायला वेळ लागतो. 1992 सालच्या एका प्रयोगात रेनबो ट्राउट नावाचे मासे दमेपर्यंत पळवले होते. नुसते पळवलेल्यांतले 12 टक्के बारा तासांत मेले, वर अर्धा मिनिट हवेत ठेवलेल्यांतले 38 टक्के आणि पूर्ण मिनिट ठेवलेल्यांतले 72. तेव्हापासून मी जाळं वर उचलतच नाही. कडी पाण्यावर, मासा पाण्यात, मी गुडघाभर चिखलात. मेहुण्याने ओणवं होऊन आतल्या आत गळ काढायचा. फोटोत त्याची पाठ येते, ती तुलनेने हसरी आहे.

सध्या भांडण गळाच्या टोकाजवळच्या, मासा अडकवून ठेवणाऱ्या उलट्या काट्यावरून चालू आहे. तो पकडीने दाबून सपाट केला की गळ क्षणात निघतो, जाळ्यातला मुक्कामच कमी होतो. मेहुणा ऐकत नाही. “काटा दाबला तर मासा सुटेल ना, दाजी!”

“अरे, मग आपण त्याला नेमकं काय करणार आहोत?”