दोन टक्क्यांची पाणपोई

बुटीबोरीच्या कारखान्यात सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचे, प्रमुख म्हणून रुजू होताय, अभिनंदन! मालक साता समुद्रापलीकडे, धुराडं वर्धा रोडला, आणि दोघांच्या मधली जबाबदारी तुमची.

आधी कायदा पाठ करा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजासाठी काढायचे. नफा कसा आला हे कलम विचारत नाही. तुम्हाला तरी कुठं घाई आहे?

वृक्षारोपण ५ जूनलाच उरका. नागपुरात तेव्हा पावसाचा थेंब नसतो, पण पर्यावरण दिन काही मृगाची वाट पाहत बसत नाही. रोप चार दिवसांत वाळेल. वाळू द्या. लोखंडी पिंजरा टिकतो, आणि कंपनीचं नाव पिंजऱ्यावरच असतं.

भोपाळचा विषय कुणी काढला तर दचकू नका, अभ्यासा. १९८४च्या डिसेंबरात वायू सुटला, हजारो माणसं मेली, आणि अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडनं सांगितलं की कारखाना भारतातल्या वेगळ्या कंपनीचा. १९८९ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१मध्ये डाऊ केमिकल कंपनीनं कार्बाइड विकत घेतली, जबाबदारी मात्र आपली नाही म्हणाली. नफा वर चढतो तेव्हा कंपनी एकच असते बाप्पा, दोष चढायला लागला की दोन होतात. (तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर कोणतं नाव छापलंय, तेवढं एकदा बघून घ्या.)

आता कामगार. इथं कायदा तुमच्या बाजूनं आहे. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे हातमोजे दिले तर तो नुसता खर्च, फाटकाबाहेर पाणपोई लावली तर समाजसेवा. ठेकेदाराकडच्या कामगार पोरानं मोजे मागितले तर त्याला ठेकेदाराकडे धाडा. ठेकेदार त्याला तुमच्याकडे धाडेल. चालणं तब्येतीला चांगलं.

पाणपोई मात्र झकास करा. मे महिना, पारा ४५च्या वर, लाल कापडात गुंडाळलेले माठ, वर वाळ्याचा पडदा, पडद्यावर लोगो. उद्घाटनाला संत्र्याचा रस, फोटोग्राफर सावलीत.

मी पाहिलेल्या अशाच एका पाणपोईवर दुपारी रांग लागली होती. वाटसरू एकच, बाकी सगळे निळ्या वर्दीतले. मी एकाला विचारलं, "काऊन भाऊ, आत पाणी नाही का?"

"कूलर मार्चपासून बंद पडून आहे जी," तो ओंजळीनंच पीत म्हणाला. तळहातावर ताजा फोड होता. "साहेब म्हणते, बजेट नाही."

अहवालात लाभार्थी मोजताना यालाही धरा. रांगेत तो दोनदा उभा होता, म्हणजे दोन.